कोरोवाय आणि मागचं चाक

टिंग! नवऱ्याने, ओरेस्टने, रिकाम्या कपात चमचा टाकला आणि मार्नीला क्वचित मिळणारी निवांत सकाळ संपली.

"अगं, मेकॅनिक कशाला हवा?" तो छाती फुगवून म्हणाला. "शंभरच्या पुढे गेली की गाडी थरथरते, एवढंच ना? स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, बूड थरथरलं तर मागची. आणि माझं बूड आजवर कधी चुकलेलं नाही!"

मार्नी कणकेचे पक्षी वळत होती. शनिवारी, भर हिवाळ्यात, दूरच्या यॉर्कटन गावी तिच्या धाकट्या बहिणीचं, डारियाचं लग्न. लग्नाचा उंच पाव, कोरोवाय, सुखी संसारातल्या बाईनंच भाजायचा असतो, म्हणून ते काम मार्नीकडे आलं होतं. वर नाजूक पक्ष्यांचा थवा. त्यातला एक जरी मोडला तरी अपशकुन, आणि आई तो जन्मभर ऐकवणार!

"पक्षी धड पोचले पाहिजेत हं, ओरेस्ट."

"पक्षी? डोक्यावर अंडं ठेव, तेही पडणार नाही!"

लगेच चाचणी झाली. पुढे ओरेस्ट, मागे चार वर्षांची टेस्सा, तिच्या मांडीवर जेलीचा वाडगा. गाडी वेगात येताच जेली भूत लागल्यासारखी घुमू लागली.

"बाबा, नाचतेय!"

"मागचं चाक!" ओरेस्ट ओरडला. जणू त्याने नवा ग्रहच शोधला होता.

मग दोन दिवस गाडी गरम गॅरेजात. मागची चाकं पुढे, पुढची मागे. नट घट्ट, नट सैल, पुन्हा घट्ट. खाली पाण्याचं थारोळं साचलं.

"बाबा, गाडीनं शू केली!"

"थंडीत होतं असं," म्हणत ओरेस्टने ते पुसून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी गाडी हायवेवर लोण्यावरून सुरी फिरावी तशी धावली. त्या रात्री त्याने सासूबाईंना फोन करून स्वतःचं कौतुक स्वतःच सांगितलं!

शनिवारी सकाळी मार्नी कोरोवाय कवटाळून दारात उभी, शेजारी नटलेली टेस्सा.

"थांब, तू एक पाऊलही चालू नकोस!" म्हणत ओरेस्टने गरम गॅरेजातली गाडी अंगणातल्या बर्फाच्या ढिगातून रुबाबात घुसवली आणि पायरीला आणून लावली. कोमट चाकांना बर्फ असा बिलगला, जसा मामाला भाचा!

हायवेवर येताच घर्र्र्र! मार्नीचे दात वाजू लागले. एक पक्षी डावीकडे कलला.

"ओरेस्ट! हळू!"

"अशक्य! मी दुरुस्त केलीय!"

"मग हे काय माझं मन थरथरतंय?"

तेवढ्यात फोन वाजला. डारिया. "ताई, पक्षी बरे आहेत ना गं?"

"उडायच्या तयारीत आहेत," म्हणून मार्नीने फोन ठेवला.

ओरेस्टने गाडी कडेला घेतली. "चारही चाकं काढतो!"

"इथे? उणे पंचविसात? नवरी म्हातारी होईल रे!"

तो कसला ऐकतोय! त्याने जॅक काढला, तो हातातून निसटला आणि मागच्या चाकावर ठाण्णकन आदळला. चाकाच्या आतून बर्फाचा पावाएवढा तुकडा धपकन रस्त्यावर पडला.

कोरोवाय सीटवर ठेवून मार्नी खाली उतरली. तिने आत हात घालून पाहिलं. चाकाच्या एकाच बाजूला बर्फ दगडासारखा थिजला होता; थरथर त्या वजनाची होती, आणि गॅरेजातलं थारोळं म्हणजे असाच वितळलेला बर्फ! पिशवीतून पाव कापायची सुरी काढून तिने नवऱ्याच्या हातात दिली. तो गुडघ्यांवर बसून एकेक चाक खरवडू लागला.

गाडी निघाली. शंभर. एकशे दहा. थरथर म्हणून नाही! कललेल्या पक्ष्याला मार्नीने हलकेच सरळ केलं. एकही मोडला नव्हता.

"बघ," ओरेस्ट घसा खाकरून म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगत होतो. मागचं चाक!"

मार्नी हसू दाबायला खिडकीबाहेर बघून ओठ चावत होती. मागून टेस्साचा आवाज आला,

"आई, मग दोन दिवस बाबांनी काय दुरुस्त केलं?"