पाचवं बोट

आदेशच्या रजिस्टरमध्ये त्रेचाळीस बिबटे होते आणि त्यातले कोणतेही दोन एकमेकांसारखे नव्हते. एक वासराएवढा होता, एक बैलाएवढा. पिंपरी पेंढारच्या स्टँडवरच्या चहावाल्याने पाहिलेल्याला झुबकेदार मिशा होत्या. एका निवृत्त गुरुजींनी पाहिलेला तर त्यांना वाट देण्यासाठी रस्ता सोडून गटारात उभा राहिला होता. आदेशने हे सगळं समास आखून, अनुक्रमांक टाकून, प्रत्येकाची सही घेऊन लिहून ठेवलं होतं. कारण कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, "कॅमेरा नंतर. आधी संशोधन."

एस.वाय.बी.ए.च्या या तिघांना पुण्यातल्या लघुपट स्पर्धेत उतरायचं होतं. हर्षाली दिग्दर्शक, आदेश संशोधक आणि गोरक्ष उरलेलं सगळं. साल २००४. तालुक्यात ऊस वाढला तसे बिबटेही वाढले होते, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. गोष्ट हर्षालीची होती. एका शेतकऱ्याला सकाळी पाटाच्या कडेला बिबट्याची पावलं दिसतात, तो त्यांचा माग काढत निघतो आणि पावलं शेवटी त्याच्याच दारात येऊन थांबतात. बिबट्या अख्ख्या सिनेमात दिसत नाही. हे कलात्मक तर होतंच, शिवाय बिबट्या आणायचा कुठून हा प्रश्नही त्याने सुटत होता.

अडचण होती ती कॅमेऱ्याची. कॅमेरा नारायणगावच्या ऋषीचा, आणि ऋषी लग्नाची शूटिंग करायचा. पौषात लग्नं नसतात म्हणून तो रिकामा होता, पण पौष संपत आला होता.

"येता रविवार तुमचा," त्याने सांगितलं होतं. "एकच दिवस. माघ लागला की मी थेट जूनमध्ये मोकळा होणार. मग माझ्या नावानं बोंबलायचं नाही."

स्पर्धेची मुदत महिनाअखेरीची होती. म्हणजे रविवार हुकला की सिनेमा गेला. गेल्या वर्षीची हर्षालीची गोष्ट अशीच एका लग्नाच्या शूटिंगच्या तारखेखाली चिरडली गेली होती, आणि त्या गोष्टीची वही तिने अजून कुणाला दाखवली नव्हती. या वर्षी मात्र तिने रविवारचं वेळापत्रक मिनिटामिनिटाने आखलं होतं. चहालासुद्धा नऊ मिनिटं ठेवली होती.

सिनेमाचा खरा नायक म्हणजे पावलाचा ठसा. तो उमटवण्यासाठी लाकडी साचा हवा, म्हणून तिघे गोरक्षच्या गावातल्या चांगदेव सुताराकडे गेले. चांगदेवने आयुष्यभर चौकटी, कुळव आणि देवळांसाठी पादुका केल्या होत्या.

"बिबट्याचा पंजा?" त्याने विचारलं. "कसा असतोय त्यो?"

आदेशने रजिस्टर उघडलं. उंची होती, शेपटीची लांबी होती, डोळ्यांचा रंग होता, मिशा तर होत्याच. पंजाबद्दल मात्र त्रेचाळीस जणांपैकी एकानेही चकार शब्द काढला नव्हता आणि आदेशने विचारलंही नव्हतं.

"करा तुमच्या अंदाजानं," तो म्हणाला.

"अंदाज कशाला, पावलं घडवण्यातच जन्म गेला माजा," चांगदेव म्हणाला.

दोन दिवसांत साचा तयार झाला. बाभळीचा, वर धरायला मूठ. खाली गोल टाच, पुढे उतरत्या ओळीत पाच सुबक बोटं, अंगठा किंचित बाजूला, प्रत्येक बोटाला नख. काम इतकं देखणं होतं की बोटं मोजायची कुणालाच गरज वाटली नाही.

शुक्रवारी दुपारी तिघे गोरक्षच्या वावरात पोचले. पाटाचं पाणी नुकतंच बंद झालं होतं आणि कडेची माती मळलेल्या कणकेसारखी मऊ होती. जागा अगदी मनासारखी होती, फक्त मधोमध वेताची एक पाटी पालथी पडली होती आणि तिच्यावर दगड ठेवला होता.

"आजी कुठंबी पाट्या टाकती," गोरक्ष म्हणाला. त्याने दगड भिरकावला, पाटी उचलून बांधावर टाकली आणि खाली न बघताच तिथून साचा दाबायला सुरुवात केली.

गोरक्षची आजी तुकाबाई तेवढ्यात मेंढरं घेऊन वरच्या अंगाने चालली होती. तिचं अर्धं आयुष्य कळपामागे घाट चढण्या-उतरण्यात गेलं होतं. आता दारात उरलेली दहा-बारा मेंढरं आणि चंद्री नावाची एक शेळी एवढाच पसारा होता. लांबूनच तिने हाक दिली, "काय चाललंय रं?"

"संशोधन, आजी. तुला न्हाई कळायचं."

"माजी दोन कोकरं गेली म्हयन्यात, त्याचं कर की संशोधन."

"कुत्र्यांनी नेली असतील," गोरक्ष म्हणाला आणि विसावा ठसा उमटवला. चाळीस झाल्यावर तो थांबला. पुसायला वाकला तर हर्षालीने अडवलं.

"राहू देत. दोन दिवसांत कडा कशा वाळतात ते बघायचंय. रविवारी त्या हिशोबानं शॉट लावता येईल."

सगळं रामायण घडलं ते या एका वाक्यामुळे.

शनिवारी सकाळी पहिल्या एसटीने हर्षाली आणि आदेश पिंपरी पेंढारला उतरले, तेव्हा स्टँडवर चहावाला नव्हता. टपरी उघडी टाकून तो गोरक्षच्या वावरात गेला होता. तिथे चाळीस-पन्नास माणूस जमलं होतं. कांदा लावायला आलेल्या बाया वावरात पाय ठेवायला तयार नव्हत्या. सरपंच मोबाइल उंच धरून रेंज शोधत होते. आणि गर्दीच्या मधोमध तुकाबाई उभी राहून सांगत होती, "फाटं चार वाजता डरकाळी आयकली म्या. ह्या दोन कानांनी."

"आजी, तू कधी ऐकलीस?" गोरक्षने विचारलं.

"तू घोरत व्हतास. तुज्या घोरण्यात दबली ती."

पाहता पाहता बाकीच्यांच्याही आठवणी जाग्या झाल्या. एकाने दोन पिल्लं पाहिली होती. चहावाल्याने मिशा पुन्हा पाहिल्या. गुरुजींनी बिबट्या सज्जन असल्याची ग्वाही दिली.

तिघे बांधापलीकडे जाऊन बसले.

"सांगून टाकू," आदेश म्हणाला. "आमचे ठसे आहेत म्हणावं. फार तर शिव्या खाऊ."

"आणि आजीच्या डरकाळीचं काय?" हर्षाली म्हणाली. "सगळ्या गावासमोर आजी खोटी पडेल."

गोरक्षने खाली मान घातली. आजी थापा मारते हे त्याला आजच कळत होतं, आणि ते असं जाहीरपणे कळवून देण्याची त्याची तयारी नव्हती. "ती मला जेवायला घालायची न्हाई," तो म्हणाला. तेव्हा गप्प बसायचं ठरलं.

दहाच्या सुमारास वनखात्याचे गार्ड सावळेराम मोटारसायकलवरून आले. गडी शांत आणि कामाला चोख. ते एका ठशापाशी उकिडवे बसले आणि बोटावर बोट ठेवत मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर येऊन त्यांचं बोट थबकलं. मग त्यांनी मान वर करून तुकाबाईकडे पाहिलं.

"आजी, ह्ये..."

"साहेब, बोटं कसली मोजताय," तुकाबाई त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "माजी कोकरं मोजा."

सावळेराम उठले. त्यांनी वही काढली, पंचनामा लिहिला, सरपंचांची सही घेतली. दुपारी ट्रॅक्टरवरून लोखंडी पिंजरा आला आणि जिथून सिनेमाचं पहिलं पाऊल सुरू व्हायचं होतं, नेमका तिथेच टेकवला गेला. पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला जाळी लावून वेगळा कप्पा केलेला होता. त्यात आमिष म्हणून तुकाबाईने आपणहून चंद्रीला नेऊन बांधलं.

"आठ दिवस हितं कुणी फिरकायचं न्हाई," सावळेरामांनी सगळ्यांना बजावलं.

हर्षालीला रडू यायचंच बाकी होतं. उद्या रविवार, आणि जागेवर पिंजरा. खोट्या ठशांवर खरा पिंजरा आठ दिवस रिकामा राहणार, तोवर माघ लागणार. तिने धीर केला आणि मोटारसायकलकडे निघालेल्या सावळेरामांना गाठलं.

"साहेब, एक सांगायचं होतं. ते ठसे..."

"पाह्यले की. लई सुबक हायेत," सावळेराम किक मारत म्हणाले. "सुताराला म्हणावं, नखं तेवढी तासून टाकायची राह्यली."

आणि ते निघून गेले. हर्षाली धुरळ्यात उभी राहिली. यांना कळलंय, तर पिंजरा कशाला लावला, हे तिला काही केल्या उमगेना. नारायणगावला जाऊन ऋषीला नको म्हणून सांगायचं ठरलं, पण त्याच्या दुकानाला कुलूप होतं आणि मोबाइल बंद होता.

त्यामुळे रविवारी सकाळी आठला ऋषी स्कूटरवरून हजर झाला. कॅमेरा, हॅलोजन आणि नवरीवर उजेड टाकायची पांढरी छत्री, सगळा सरंजाम घेऊन. माफी मागायला तिघे स्टँडवर थांबले होते. पण माफीचा पहिला शब्द फुटायच्या आत वावराच्या दिशेने एकच कल्ला ऐकू आला.

पिंजऱ्यात बिबट्या होता. खराखुरा, अंगभर ठिपक्यांचा, आणि चांगलाच वैतागलेला. जाळीपलीकडे चंद्री त्याच्याकडे पाठ करून पाला खात होती. सावळेराम गर्दीला मागे सारत होते. चहावाला बिबट्याच्या मिशा सगळ्यांना दाखवत होता, आणि त्या त्याला होत्याही.

ऋषीच्या हाताला लग्नाचीच सवय. त्याने दुरूनच कॅमेरा लावला, पायापासून सुरुवात करून सावकाश तोंडापर्यंत नेला आणि हलकेच म्हणाला, "जरा इकडं बघा." बिबट्याने बघितलं. ऋषी कॅमेऱ्यासकट चार पावलं मागे सरकला.

या गडबडीत तुकाबाईने हर्षालीची बाही ओढली. "चल, तुला संशोधन दाखवते."

उसाच्या कडेला एक पाटी पालथी होती, वर दगड. तुकाबाईने दगड काढला आणि पाटी अलगद उचलली. खाली ओल्या मातीत ठसा होता. गोलसर, नखांची खूण नसलेला. बोटं चार.

"ह्यो खरा, काल रातीचा. लोक यायच्या आत झाकून ठिवला, न्हाई तर तुडवून टाकत्यात. बिबट्याचं पाचवं बोट वर आसतंय, ते भुईला टेकत न्हाई. आन चालताना त्यो नखं आत घेतोय."

मागून आलेला आदेश आणि गोरक्ष आ वासून बघत राहिले. आदेशचा हात आपोआप रजिस्टरकडे गेला.

"म्हंजे काल तुला माहीत होतं?" गोरक्षने विचारलं.

"म्हयना झाला, त्यो माज्या मेंढरांवर हाय. सावळेराम साहेबांकडं दोनदा गेले. ते म्हनले, आजी, तुमच्यावर इस्वास हाय, पर खात्याला ठसा लागतोय. म्हनून पाटाच्या कडेला एक झाकून ठिवला व्हता. शनवारी ते बगायला येनार व्हते." तिने नातवाकडे पाहिलं. "शनवारी जाऊन बगते तर पाटी बांधावर, आन माज्या ठशावर कुना देवाची पावलं."

गोरक्षने विचारलं, "मग तू ओरडली का न्हाईस मला?"

"वरडून ठसा परत येनार व्हता का? एक खरा गेला, तर म्हनलं चाळीस खोटे तरी कामाला लावावं."

"आजी, आम्ही त्रेचाळीस जणांना विचारलं," आदेश पडेल आवाजात म्हणाला. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"मला इचारलं का कुनी?" तुकाबाई म्हणाली.

कुणी विचारलं नव्हतं. गावभर, वाडी-वस्तीवर, स्टँडवर सगळीकडे विचारून झालं होतं आणि रोज दुपारी या तिघांना भाकरी वाढणाऱ्या बाईला विचारायचं राहून गेलं होतं. हर्षालीला स्वतःचीच लाज वाटली. तिने मिनिटामिनिटाचं वेळापत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं.

"आजी, हे सगळं कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

"बोलीन की. पर मेंढरं चारता चारता. त्यास्नी कॅमेऱ्याचं काय कळतंय."

दिवसभर तुकाबाई पुढे, मेंढरं मागे आणि त्यांच्यामागे ऋषी. हा ठसा नराचा, हा मादीचा, इथे दबा धरला, इथे पाणी प्याला, असं ती सांगत गेली. माग शेवटी तिच्याच दारातल्या कोकरांच्या जाळीपाशी येऊन थांबला, म्हणजे हर्षालीच्या गोष्टीतला शेवटही आयता जमला. चहाची नऊ मिनिटं तेवढी विसरली गेली. मिक्सिंगमध्ये ऋषीने सवयीने आजीभोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या होत्या. त्या काढायला दोन दिवस गेले, पण सिनेमा मुदतीच्या आत पुण्याला पोचला.

महिन्याभराने निकाल आला. दुसरा नंबर. सोबत परीक्षकांचा शेरा होता. तो तिघांनी तुकाबाईच्या ओट्यावर बसून वाचला. गोरक्षने मोठ्याने वाचायला घेतला.

"'आजींचे काम सहज आणि प्रभावी. निर्मिती प्रामाणिक. मात्र बिबट्याच्या ठशांत एक बोट कमी दाखवले आहे. पंजाला पाच बोटे असतात. विद्यार्थ्यांनी संशोधनाकडे अधिक लक्ष द्यावे.'"

तुकाबाई चंद्रीला पाला घालत होती. हातातली डहाळी संपल्यावर तिने आदेशला विचारलं, "तुज्या वहीत किती झालेत बिबटे?"

"त्रेचाळीस, आजी."

"मग ह्यो चव्वेचाळिसावा. लिव त्या पुन्याच्या परीक्षकांच्या नावानं."

आदेशने रजिस्टर उघडलं आणि समास आखायला घेतला.