तात्यांचे मागे गेलेले पाय

आमच्या युसूफ वडगावचे दगडूतात्या भंगारातली कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्यावर पाय ठेवून बघतात. पत्रा असो, दांडा असो, पाय ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थोडं घासलं की बसतंय."

मी त्यांच्या शेजारी राहतो, शाळेत शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात तात्यांनी मोबाईलवर शर्यतीच्या मोटरसायकली पाहिल्या. त्यावरची पोरं पाय मागे घेऊन, टाकीवर ओणवी होऊन बसतात. छप्पन्न वर्षांच्या तात्यांनी ठरवलं, दारातल्या गाडीचे फूटरेस्ट, गिअर आणि ब्रेक वीतभर मागे न्यायचे. तयार संचाची किंमत पाहून त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

मग घरीच सुरू झालं. लग्नपत्रिका कापून पट्टीचा नमुना केला. पट्ट्या जुन्या पेरणीयंत्राच्या. गिअरचा दांडा फवारणी पंपाचा. केजच्या लेथवाल्याकडे इतक्या खेपा झाल्या, की तो यांच्यासाठी न विचारता चहा सांगू लागला.

"कावून पण?" तात्यांची बायको, शांताकाकू, म्हणायच्या. "पाय हायेत तिथं बरे हायेत की."

"स्टाईल हाय ती," तात्या म्हणायचे.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. जोडणी उलटी बसल्यामुळे दाबायचा गिअर उचलावा लागे. तात्या ते बाजारात विसरले आणि गाडी थेट मेथीच्या ढिगात घुसली. ती सगळी मेथी त्यांना विकत घ्यावी लागली. आमच्या गल्लीनं तीन दिवस मेथीच खाल्ली. पारावर त्यांना 'रेसर' म्हणू लागले. तात्या हसून पुन्हा पाना हातात घ्यायचे.

अखेर सगळं जमलं. एका रविवारी सकाळी मी सोपानकडे दूध आणायला गेलो होतो. सोपान हा तात्यांचा चुलतभाऊ. पूर्वी रोज गाडीवरून केजला दूध घालणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवरून पडला, तेव्हापासून त्याचा डावा गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. पाय फूटरेस्टपर्यंत पोचेना, म्हणून त्यानं आपली गाडी तात्यांच्या दारात आणून लावली होती. तात्यांनी एवढी खटपट केली ती हीच गाडी.

तात्या तिच्यावरून सोपानच्या अंगणात येऊन उतरले. कंबर धरली.

"सोपान, ह्या बसण्यानं माझी कंबर लई धरती. आता काढून टाकायचं जिवावर येतंय. तू बघ चालवून."

सोपाननं वाकून नव्या फूटरेस्टवरून हात फिरवला. मग काठी भिंतीला टेकवून, उजवा पाय रोवून तो हळूच वर बसला. डावा पाय उचलला. तो अलगद नव्या फूटरेस्टवर जाऊन टेकला. सोपाननं बटन दाबलं आणि निघाला.

अर्धा तास झाला तरी तो परतला नाही. तात्या ओट्यावर पाय पसरून निवांत बसले होते.

"तात्या," मी म्हणालो, "त्याचा उजवा पाय तर धड आहे. मग ब्रेकसुद्धा मागे नेण्याचा एवढा खटाटोप कशाला केलात?"

तात्यांनी रस्त्याकडे बघत पायावरची धूळ झटकली.

"एकच बाजू मागं घेतली असती, गुरुजी, तर त्याच्या पायासाठी केलंय असं दिसलं असतं."