मंगळवारचा कोट

सावेडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे थोरात अण्णा मेथीची जुडी आणायला कोट घालून जातात. भर मे महिन्यातही. भाजीवाली विचारते, "अण्णा, लगीन कुणाचं?" अण्णा जुडी उलटी धरून मुळं बघत म्हणतात, "कुणाचं नाही. आज मंगळवार आहे."

बुधवारी विचारलं तर बुधवार म्हणतात.

साखर कारखान्यात नोकरीला होते तेव्हा अण्णा चुरगळलेल्या बुशशर्टात दिसायचे. कोटाचा नाद गेल्या वर्षीचा. कोल्हारच्या त्यांच्या थोरल्या भावाला, दादांना, अर्धांगवायूचा झटका आला. दादा वाचले, चालूही लागले; पण डावा खांदा चार बोटं खाली उतरला. रोज सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात बसून गावाला अक्कल शिकवणारा माणूस, वाकडा दिसतो म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. अण्णांनी ठरवलं, दादांना खांदा सरळ दाखवणारा कोट शिवायचा. आणि तो असा, की घालून चहाला जाता येईल.

टेलरमास्तरांनी आधी नेहमीचा लग्नातला कोट शिवला. जाड अस्तर, दोन्ही खांद्यांना पॅड. अण्णा तो घालून भर दुपारी तासभर हिंडले आणि घामाने भिजून परत आले. मग अस्तर गेलं. मग कापड सुती झालं. मग लांबी दोन बोटं कमी झाली. प्रत्येक कोट अण्णा स्वतः आठवडाभर वापरून बघायचे, आणि सोसायटीतला जो पुरुष सापडेल त्याला घालायला लावायचे. आमच्या ह्यांना जिन्यात गाठून त्यांनी तीनदा कोट चढवून बघितला आहे. खांद्याची शिवण हाडावर बसली पाहिजे. खालचं बटन उघडं. आत साधा शर्ट, पायात चप्पल चालेल, पण चकाकणारं कापड नको. "चकाकलं की वरात आठवते, वहिनी."

आता आमच्याकडे आहेरात आलेलं कापड कुणी शिवत नाही. घडी न मोडता पुढच्या लग्नात देतात. माझ्याकडे राखी रंगाचं एक होतं, पाथर्डीच्या लग्नासाठी काढून ठेवलेलं. अण्णांनी बोटांनी चोळून पाहिलं आणि मागितलं. मी म्हटलं, आहेर फिरत राहू द्या. ते म्हणाले, पुष्कळ फिरलं, आता बसू द्या. दिलं.

डाव्या खांद्याला आतून तीन पदरी पॅड घालून कोट तयार झाला. मीच गाडीने अण्णांना कोल्हारला सोडलं. दादांनी कोटाकडे पाहिलंही नाही.

"लोक हसत्याल."

"हसू दे," अण्णा म्हणाले. "आधी मला हसतील. त्यांचं हसून संपलं की तू ये."

आणि ते तिथेच राहिले. रोज सकाळी स्वतःचा जुना कोट घालून हॉटेलाच्या बाकावर. पहिल्या दिवशी अख्खा स्टँड हसला. कुणी विचारलं, निवडणुकीचं तिकीट मिळालं का. कुणी म्हटलं, या वयात बायको बघायला निघालात का. अण्णांनी सगळ्यांना वार सांगितला. चौथ्या दिवशी दोघंच हसले. आठव्या दिवशी कुणी मान वर करेना, आणि अण्णांनी मला फोन केला, गाडी घेऊन या.

मी पोचले तेव्हा दादा आरशासमोर होते. बाही अर्धा इंच लांब होती. मी तसं सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. दादा निघाले. काठी टेकत, सावकाश. अण्णा मुद्दाम चार पावलं मागे.

हॉटेलवाल्याने फडकं मारून बाक पुसलं. "या दादा. लई दिसांनी."

चहा त्याने न विचारता दादांच्या उजव्या हाताशी ठेवला. दादांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाले, "ह्यो चहा हाय व्हय? वर्षभर गावाला हेच पाजलंस?" मग दूध कुणाचं घेतोस इथपासून सुरू केलं. बाजूचे दोघं सरकून जवळ आले.

अण्णा उठून हॉटेलामागच्या हौदावर तोंड धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. मी त्यांच्या चहावर बशी झाकून ठेवली.