गुलाबरावांचं नाक

आमच्या वस्तीशेजारी राहणारे गुलाबराव पाणी आधी नाकाने पितात. गिलास हातात दिला की तो नाकाखाली धरतात, डोळे मिटतात, लांब श्वास ओढतात आणि मग ठरवतात, प्यायचं की नाही. एका लग्नात त्यांनी वरबापाच्या हातचं पाणी असंच हुंगलं, तर वरपक्ष मांडव सोडून निघाला होता. गुलाबराव आजही म्हणतात, "मी वरपक्षाले नाही हुंगलं. पाण्याले हुंगलं."

माणूस सत्तरीचा. आमच्या गावाला लहान गाडीचं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं, यार्ड होतं, तिथे ते इंजिनाचं तेल बदलायचे. गाडी बंद पडली, रुळांत बाभळी उगवल्या, शेडचे पत्रे लोकांनी नेले. गुलाबरावांनी निळा सदरा मात्र सोडला नाही. त्याच्या खिशात मातीची पुरचुंडी असते. घरच्या खिडकीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, एकेकीत एकेका विहिरीचं पाणी.

"नाक लाच खात नाही, वहिनी," हे त्यांचं पालुपद.

"मंग नाकालेच सरपंच करा," मी म्हणायची.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण हा माणूस माझ्या घरचं पाणी कधीच प्यायचा नाही.

माझी विहीर यार्डाच्या कुंपणाला लागून आहे. ती माझ्या सासऱ्याने खोदली. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते, त्या काळात. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून उरलेल्या वेळात त्याने खोदली आणि सासूने टोपल्याने माती ओढली. सगळी वस्ती त्या पाण्यावर जगली. आणि गुलाबराव, ते गावच्या पाटलांच्या भावकीतले. त्यांनी माझा गिलास हुंगून खाली ठेवला की मला काय वाटणार? जे वाटायचं तेच वाटलं.

एकदा म्हणाले, "वहिनी, पाणी बरोबर नाही. पेत नका जाऊ."

मी म्हटलं, "तुमच्या लोकायले हे पाणी कधी बरोबर होतं?"

खाली मान घालून गेले.

खरं सांगते, वास मलाही यायचा. पावसाळा सरला की घागरीवर रंगीत तवंग यायचा. मी फडक्याने गाळून घ्यायची. सासऱ्याच्या विहिरीला कोण नाव ठेवणार? मी तर नाही.

गेल्या उन्हाळ्यात जीप आली. दोन साहेब, माती काढायचा गिरमिट आणि बाटल्यांची पेटी. यार्डाची माती आणि आसपासचं पाणी तपासायचं म्हणे. अर्ज कोणी केला होता? गुलाबरावांनी. एक नाही, गठ्ठाभर.

साहेबांनी जीप थांबली तिथेच, फाटकाजवळ, गिरमिट लावला. सावली होती ना तिथे! गुलाबराव धावत आले.

"तिथं काय भेटते? तिथं तिकीट भेटे!"

हाताला धरून त्यांनी साहेबांना थेट माझ्या कुंपणाशी आणलं. वस्ती जमली. माझं डोकं फिरलं.

"आता सरकार आणून आमची विहीर बाटवून राह्यले काय, गुलाबराव?"

ते माझ्याकडे बघेनात. जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं खोदा."

"इथंच कशावरून?" साहेबाने विचारलं.

"इथं मीच ओतलं."

मग ते बोलू लागले. तपासणी आली की यार्ड चकाचक लागायचं. जळकं तेल पिंपात भरून पाठवायचा खटाटोप मोठा. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गुलाबरावांनी एका भेगेत डबा ओतून पाहिला. भेग गटागटा प्यायली. दुसरा ओतला, तोही गेला. वर डाग नाही. वरच्या साहेबाने पाठ थोपटली. मग दर उन्हाळ्याला तेच.

"मले वाटे, जमीन पेते म्हणजे जिरलं," ते म्हणाले.

गिरमिट वर आला तो चकाकत. वास सगळ्या वस्तीला गेला.

साहेबांनी पाणी नेलं, कागद पाठवला. विहिरीवर लाल रंगाने 'पिण्यास अयोग्य' लिहून गेले. मग प्यायचं काय, ते कागदात नव्हतं. विचारलं तर म्हणे तो विषय दुसऱ्या विभागाचा. तहान कोणत्या विभागाची असते?

त्या दिवशी मी गुलाबरावांना अंगणात उभं केलं. "इतकी वर्षं तोंड काहून नाही उघडलं?"

"लाज वाटे."

"आन मले काय वाटत होतं, माहीत होतं?"

"माहीत होतं."

म्हणजे पाहा. जात पाळतो असं म्हणवून घ्यायला हा माणूस तयार, पण चुकलो म्हणायला नाही! मी त्यांना माफ केलेलं नाही.

तरी रोज सकाळी ते आपल्या वावरातल्या बोअरच्या दोन कॅना सायकलला बांधून आणतात. मी त्यातलंच गिलासभर देते. ते घटाघटा पितात.

"हुंगा ना," मी म्हणते.

"तुमचा गिलास हाय. कायले हुंगू?"

मग विहिरीवर जातात, एक बादली काढतात आणि तिच्यात नाक घालून कितीतरी वेळ उभे राहतात.

"गेला काय वास?" मी ओट्यावरून विचारते.

ते मान हलवतात. पाणी परत विहिरीत नाही टाकत, लांब डांबरी रस्त्यावर नेऊन ओततात.

"उद्या पाहा," मी म्हणते.