गावडेकाकांच्या मुक्या गजाली

शेजारचे गावडेकाका एकतर अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं बोलत, नाहीतर तोंडातून आवाजच काढत नसत. मधलं काही त्यांना जमत नसे. पंचवीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढलेली. तिथे कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून विणकर ओठांनी आणि हातांनी बोलत. संपात गिरणी बंद पडली. काकू गावी शेती बघायला गेल्या. गिरणी उघडेल म्हणून काका घाटकोपरच्या खोलीतच राहिले.

माझा निखिल तेव्हा सहा महिन्यांचा. लंगोट बदलायला आडवा केला की कातडी सोलल्यासारखा किंचाळे. त्यात अंगावर पुरळ, म्हणजे लंगोट सारखा बदलायचा. खुळखुळा, वाटी-चमचा, ह्यांची शिट्टी, सगळं करून झालं. पाळणाघरवालीने तिसऱ्या दिवशी पोर परत आणून दिलं. "वहिनी, माझ्याकडे आणखी पाच आहेत. हा एकटा सगळ्यांना रडवतो."

माझी रजा संपत आली होती. सोमवारी हजर झाले नाही तर नोकरी जाणार होती.

शुक्रवारी सकाळी निखिलने टिपेचा सूर लावला आणि काका दारात हजर.

"काय गो, पोराक मारतंस की काय?"

"लंगोट बदलतेय!"

"बाजूक हो."

ते पोरासमोर उकिडवे बसले आणि बिनआवाजी बोलू लागले. दोन बोटं फटकन दूर: धागा तुटला. मिशीला पीळ: मुकादम आला. भुवया तर कपाळभर फिरत होत्या. निखिल अर्धा हुंदका तसाच ठेवून टक लावून बघत राहिला. तेवढ्यात मी गाठ मारूनही टाकली.

सोमवारपासून निखिल काकांकडे. आठवड्याभरात लंगोटही तेच बदलू लागले. विणकराची गाठ ती, संध्याकाळी मला सुटता सुटत नसे. नळावरच्या बायका चिडवत, "गावडे, आया झालात की हो!"

"मगे? तुमच्या घोवाक जमतला?"

ती नोकरी पुढे बावीस वर्षं केली. टिकली ती या माणसामुळे.

एकदा कामावरून आल्यावर मी विचारलं, "काका, त्याला सांगता तरी काय एवढं?"

"बाजूच्या साच्यार बाबल्या होतो. तेका सांगी, ताच." काका लंगोटाची घडी घालत राहिले. "बाबल्या गावाक गेलो. आता ह्यां बोलणां कळणारो कोण नाय. ह्यो निदान तोंडाकडे बघता."

मी त्यांच्यासमोर बसले. अंगठा ओठांशी नेला आणि नुसते ओठ हलवून विचारलं, चहा घेणार?

काका बघतच राहिले. मग त्यांचे हात सुटले. ओठ, बोटं, भुवया, सगळं एकदम बोलायला लागलं. मला निम्मंही कळलं नाही. कुकर लावायचा राहिला होता, तरी उठले नाही.