घड्याळ आतच राहिलं

बाईंनी रबरी बाळ तास सुरू व्हायच्या आधीच मॉडेलमध्ये कोंबून ठेवलं, तिथंच सगळं बिनसलं. मॉडेल म्हणजे कमरेपासून मांड्यांपर्यंतचं रबरी धड. वरच्या झडपेतून बाळ आत ठेवायचं, मागून हळूहळू ढकलायचं आणि बाळंतपण कसं होतं ते नर्सिंगच्या नव्या मुलींना दाखवायचं. आत ठेवण्याआधी बाळाला तेल चोपडायचं असतं. पण तेल कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई येईपर्यंत थांबतील त्या बाई कसल्या.

थांबणं हा प्रकारच त्यांना जमत नसे. चहा उकळायच्या आत त्या गाळून मोकळ्या. नवऱ्यानं तोंड उघडलं की त्याचं वाक्य त्याच पुरं करायच्या, आणि तेही चुकीचं. आज तर जीव नुसता टांगणीला लागला होता. प्रसूतीच्या वॉर्डात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण शिकवण्याच्या कामात त्या अजून कच्च्याच होत्या. आजचा तास पाहून प्राचार्या ठरवणार होत्या, यांना इथं कायम करायचं की परत वॉर्डात धाडायचं. "तुम्ही मुलींना शिकवत नाही," प्राचार्या मागे म्हणाल्या होत्या, "त्यांच्या हातातलं काढून घेता आणि स्वतः करून टाकता." हे बाईंना फार लागलं होतं, कारण ते खरं होतं. आणि शिकवायला त्यांना मनापासून आवडायचं.

"सुईणीचं पहिलं काम कोणतं?" बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत वर्गाला विचारलं.

"बाळ बाहेर काढणं," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

"चूक. बाळ आपलं आपण येतं. आपण थांबायचं. ओढायचं नाही, घाई करायची नाही, बाळंतिणीला धीर द्यायचा. आणि हात कोपरापर्यंत मोकळे. घड्याळ, बांगडी, अंगठी, काही नको. लिहून घेताय ना? चला, लवकर लिहा."

मग एक उंच मुलगी मागून ढकलायला उभी राहिली. तिनं ढकललं. बाळ हललं नाही.

"जोर लाव जरा. जेवली नाहीस का?"

"लावतेय मॅडम."

अख्खं मॉडेल टेबलावर पुढे सरकलं, बाळ जिथल्या तिथं. कोरड्या रबराला कोरडं रबर घट्ट चिकटून बसलं होतं. मुली माना उंच करून बघायला लागल्या. बाईंनी दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि वॉर्डात जन्मात केलं नसतं ते केलं. डावा हात घड्याळासकट सरळ आत घातला.

बाळाचं डोकं हाताला लागलं. ओढलं तर डोकंही येईना आणि हातही येईना. घड्याळाचं बक्कल आतल्या प्लास्टिकच्या हाडामागं अडकलं होतं.

"आलं का मॅडम?" चष्मेवालीनं विचारलं.

"येतंय. तुम्ही जरा खिडकीबाहेर बघा."

खिडकीबाहेर कोण बघतंय! बाईंनी सगळी ताकद लावून हिसका दिला. मॉडेल टेबलावरून उचललं जाऊन त्यांच्या हाताला लोंबकळायला लागलं, त्याच्या धक्क्यानं ट्रे खाली पडला, कात्र्या आणि चिमटे खणखणत चारी दिशांना गेले, आणि नेमक्या त्याच वेळी प्राचार्या आत आल्या.

त्यांनी बाईंकडे पाहिलं, लोंबकळणाऱ्या धडाकडे पाहिलं आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं बाईंना झालं. त्यांनी पुन्हा हात ओढला.

"ओढू नका मॅडम," चष्मेवाली उठून जवळ आली. "तुम्हीच सांगितलंत ना आत्ता."

उंच मुलीनं मॉडेल अलगद टेबलावर टेकवलं. एकीनं बाईंना स्टुलावर बसवलं. एक तेल आणायला पळाली. शिपाई एव्हाना आला होता.

"मूठ सोडा. खांदा सैल. मोठा श्वास घ्या," चष्मेवाली म्हणाली.

"किती वाजले गं?"

"ते तुम्हाला आता कशाला हवंय?"

तिनं बोटातली अंगठी काढून ठेवली, बाही कोपरापर्यंत वर सारली, तेल हळूहळू सोडलं आणि कडेनं दोन बोटं आत सरकवली. "थोडं दुखेल हं."

"दुखू दे, पण लवकर..."

"लवकर नाही."

जरा वेळानं बाईंच्या लक्षात आलं की पोरगी फार छान करतेय, आणि तिच्या हातातलं आपण काढून घेतलेलं नाही. घ्यायला हात मोकळाच नव्हता. तरी त्यांना भरून आलं.

बक्कल सुटलं. हात लालबुंद होऊन, तेलानं माखून बाहेर आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. घड्याळ आतच राहिलं.

प्राचार्या उठून पुढे आल्या. "मुलींना येतंय की. पण बाळाचं काय?"

"आतच आहे."

"मग? काय करणार आता?"

बाईंचा उजवा हात आपोआप मॉडेलकडे निघाला. सगळा वर्ग त्या हाताकडे बघत होता. बाईंनी तो मागे घेतला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि म्हणाल्या, "थांबणार. तेल पसरू दे. पुढचं मुली करतील."

सगळे थांबले. टेबलाखालून मात्र टकटक आवाज येत होता. प्राचार्यांनी वाकून पाहिलं. बाईंचा पाय टेबलाच्या पायावर एकसारखा आपटत होता.

"पायाचं आपण पुढच्या वर्षी बघू," प्राचार्या म्हणाल्या.