दामले सरांची टकटक

खिशात किल्ली असताना स्वतःच्याच घराचं दार ठोठावणारा माणूस जयपूरच्या आमच्या आदर्श नगरात एकच. शेजारचे दामले सर. टक-टक... टक! दार उघडलं की आत जायचं, आणि तासाभरात 'दूध विसरलो' म्हणत पुन्हा बाहेर!

सर रिटायर्ड प्रोफेसर. महिन्यातून एकदा त्यांच्या हॉलमध्ये मेंदूवर सभा भरते. सी-स्कीम भागातले मेंदूचे डॉक्टर, एक गणितवाले, एक तबलजी, कॉम्प्युटरवाली रिया आणि चहावाली म्हणून मी. नात विचारते, "आजी, मतलब तू सायंटिस्ट?"

"वहिनी, मेंदूतल्या पेशीही टकटकच करतात," सर मला समजावतात. "पण बातमी असते कशात? टकटकींच्या संख्येत, की मधल्या अंतरात? तुमच्या कुकरचं काय मत?"

कुकरचं मत मला विचारू नये. लग्न होऊन जयपुरात आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचे. गच्चीवर केस वाळवत खालच्या शिट्ट्या मोठ्यांदा मोजायचे. ह्यांचे बँकेतले साहेब जेवायला आले, त्या दिवशी मी नेमक्या शेजारणीच्या कुकरच्या मोजल्या! डाळ साहेबांच्या दाताखाली कडकड वाजली. "बहोत बढिया! मराठी नमकीन है?" मी लाजून म्हटलं, "जी!"

तर गेल्या सभेत डॉक्टर अडूनच बसले. "सरजी, संख्याच खरी. अंतराचा पुरावा दाखवा."

सर उठले, बाहेर गेले, दार ओढून घेतलं. टक. टक. टक. अगदी सारख्या अंतराने.

कोपऱ्यात सुमनताई बसल्या होत्या, सरांच्या पत्नी. हल्ली त्यांना काही आठवत नाही. सरांकडे बोट दाखवून मलाच विचारतात, "हे गृहस्थ कोण हो?" त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग टक-टक... टक!

"आले हं!" सुमनताई पदर सावरत उठल्या, आमच्यामधून वाट काढत गेल्या आणि दार उघडलं. "आलात? किती उशीर!"

"हो ना," सर म्हणाले. "रस्त्यात गर्दी होती."

"दोन्ही वेळा तीनच," रिया हळूच म्हणाली. डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

चहा होईपर्यंत सुमनताईंना ते गृहस्थ पुन्हा अनोळखी झाले होते. म्हणून ते तासातासाला दूध विसरणं.

आता सर पिशवी घेऊन निघालेले दिसले, की मी कुकरखालचा गॅस बंद करते. त्या टकटकीत माझी शिट्टी मिसळायला नको.